अनाथ कन्यांची पाठवणी

(महोत्सवानिमित्त भरलेल्या धर्मग्रामसभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूने देवळाचा इतिहास सांगावा, पूर्वजांनी डोक्यावरून वाहिलेल्या दगडांचे स्मरण करून द्यावे आणि देणगीदारांचे आभार मानावे, असा प्रघात आहे. हे कार्य आज सकाळपासून आमच्याहून जाणत्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे पार पाडले आहे. तेव्हा आमच्या वाट्यास आलेला अर्धा तास आम्ही निराळ्याच विषयास देऊ इच्छितो. अनाथालयात वाढलेल्या मुली अठराव्या वर्षी तेथून बाहेर पडतात. त्या कोठे जातात, आणि जाण्यापूर्वी त्यांची कोणती तयारी झालेली असते, हा तो विषय होय. तो महोत्सवास शोभणारा नाही असे कोणास वाटल्यास आमची तक्रार नाही. परंतु आज वीसहून अधिक वर्षे तो आमच्या मनात सलत आहे, आणि त्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे.

आम्ही तेव्हा दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. एका अनाथालयातील मुलीचे लग्न तेथील एका तरुणाशी ठरले. मुलीस अठरा वर्षे पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. मुलगा कमावता होता, व्यसन दिसण्यात नव्हते, हुंडा मागितलेला नव्हता. सर्वांस समाधान वाटले. विवाहापूर्वी वधूस एकटीस बसवून, ती स्वेच्छेने हा संस्कार स्वीकारीत आहे ना, असे विचारणे हे धर्मगुरूचे कर्तव्य असते. आम्ही विचारले. तिने खाली पाहून ‘हो, फादर’ म्हटले आणि पुढे सहज जोडले, ‘जूनमध्ये लहान मुली यायच्या आहेत, माझी खाट त्यांना लागेल.’ मुलगी समंजस आहे असे मनाशी म्हणून आम्ही तिची सही घेतली. तिने आम्हांस काय सांगितले होते, हे उमजण्यास आम्हांस दोन वर्षे लागली.

दोन वर्षांनी, जुलै महिन्यातील एका संध्याकाळी, भर पावसात ती कडेवर मूल घेऊन आमच्या ओसरीवर आली. मनगटावर वळ होते. तिने पैसा मागितला नाही, गाऱ्हाणेही सांगितले नाही. ‘फादर, थोडा वेळ बसू का?’ एवढेच विचारले. आम्ही तीस चहा दिला, संसारात सोसावे लागते अशा अर्थाचे चार शब्द सांगितले, आणि अंधार पडण्यापूर्वी ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर घरी परत पाठविले. आम्हांस त्या वेळी आपण कर्तव्य केले असेच वाटले. दुसऱ्या कोणाची लेक असती तर ती त्या संध्याकाळी आमच्याकडे आलीच नसती. ती माहेरी गेली असती. हिला माहेर नव्हते म्हणून ती देवळाकडे आली, आणि देवळाने तीस सासरी परत धाडले. दिवाळीच्या सुमारास ती मुलासह घर सोडून गेल्याचे कळले. कोठे गेली, ते आजतागायत कळलेले नाही.

१९८३ च्या धर्मनियमसंहितेतील ११०३ वा नियम आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. बाहेरून आलेल्या बळजबरीमुळे अथवा गंभीर भयामुळे, मग ते भय कोणी जाणूनबुजून घातलेले नसले तरी, त्यातून सुटण्यासाठी जर कोणास विवाहच पत्करावा लागला, तर तो विवाह अवैध होय, असा त्याचा आशय आहे. परीक्षेत त्यावर आम्हांस चांगले गुण मिळाले होते. त्या विशिष्ट विवाहाच्या वैधतेचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे, आणि तो आमचा अधिकारही नव्हे. परंतु जूनमध्ये खाट रिकामी करावयाची आहे आणि जाण्यास दुसरी जागा नाही, यास भय म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

येथे कोणी असे समजू नये की, आम्ही अनाथालये चालविणाऱ्या धर्मभगिनींस दोष देत आहोत. ज्या भगिनी साठ-साठ मुलींची आजारपणे रात्री जागून काढतात, त्यांच्यापुढे आम्ही काय बोलावे? लग्न लावून दिले म्हणजे मुलगी मार्गी लागली, ही समजूत एका मठाची नाही. ती शतकांची आहे. संत निकोलस याने एका निर्धन पित्याच्या घरात रात्री सोन्याच्या थैल्या टाकल्या, ही कथा आपण दर डिसेंबरात बालकांस सांगतो. ते सोने तीन कन्यांच्या हुंड्यासाठी होते. रोम शहरात १४६० साली कार्डिनल हुआन दे तोर्केमादा यांनी मिनेर्वाच्या देवळात एक बंधुमंडळ स्थापिले, तेही गरीब कन्यांस हुंडा पुरविण्यासाठीच. आणि लांब कशास जावे? पोर्तुगालच्या राजाने सोळाव्या शतकाच्या मध्यापासून लिस्बन येथील अनाथ कन्या जहाजात बसवून गोव्यास धाडण्यास आरंभ केला. त्यांस ‘राजाच्या अनाथ कन्या’ असेच म्हणत. त्यांच्याशी विवाह करणाऱ्या पुरुषास सरकारी अधिकारपद मिळे. आणि त्या काळी ज्यास उत्तर प्रांत म्हणत त्या आमच्या वसई-दमणच्या मुलखात, अशा विवाहांच्या निमित्ताने गावांचे उत्पन्नही तोडून दिले जात असे. १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला आणि ती व्यवस्था संपली. ज्या गावांची नावे आपण रोज बसच्या पाटीवर वाचतो, त्यांपैकी काही एखाद्या पोरक्या मुलीच्या पदराला बांधून कोणा शिपायाच्या हाती गेली असतील. तो मुलगी पाहून आला की गाव पाहून, हे तीस विचारण्याची त्या काळी रीत नव्हती.

मुलीस नवऱ्याच्या हाती देण्याऐवजी तिच्याच हाती काही द्यावे, हा विचार आपल्या महाराष्ट्रात प्रथम कृतीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई अग्रगण्य होत. त्यांनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुली केडगावास आणल्या आणि त्यांस विणकाम, तेलाचा घाणा, छापखान्याचे खिळे जुळविणे असे उद्योग शिकविले. रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या. परंतु त्यांच्यापासून शिकण्यास त्याची अडचण नसावी. शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी पुढे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विवाह केला, आणि १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापिला. हिंगण्याच्या त्या आश्रमातून शिक्षिका बाहेर पडल्या. हातात धंदा असलेली स्त्री कोणाच्याही ओसरीवर ‘बसू का’ असे विचारीत नाही, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. ती बऱ्याच अंशी खरी आहे, पूर्णांशी नाही. त्याकडे आम्ही येतो.

आजचा कायदा या बाबतीत पुष्कळ पुढे गेलेला आहे, आणि तो आपणांपैकी फारच थोड्यांस ठाऊक आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाचे ४६ वे कलम असे की, अठरा वर्षे पूर्ण करून संस्था सोडणाऱ्या मुलास समाजात स्थिर होण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येते. २०१६ च्या नियमांनुसार ही पश्चात सेवा एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे देता येते. तीत राहण्याची जागा, शिक्षण, धंद्याचे शिक्षण व नोकरीस लावून देणे, हे सर्व येते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिशन वात्सल्य योजनेच्या मार्गदर्शिकेत यासाठी दरमहा ४००० रुपये ठरविण्यात आले. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली अनाथांस शिक्षणात व सरकारी नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण दिले. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते. या आरक्षणामागची हकीकत वर्तमानपत्रांतून आलेली आहे. गोव्यातील एका संस्थेत वाढलेली एक मराठी मुलगी अठरा वर्षे पूर्ण होताच पुण्यास आली, पहिली रात्र तिने रेल्वे स्थानकावर काढली, पडेल ते काम करीत ती शिकली आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसली. तिची निवड मार्कांवाचून अडली नाही. जे प्रमाणपत्र मागितले गेले ते आईबापांच्या उत्पन्नावरून मिळते, आणि तीस आईबापच नव्हते. ती थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली, म्हणून इतरांस मार्ग झाला.

परंतु कलम पुस्तकात असते, आणि मुलगी फाटकापाशी उभी असते. या दोहोंमधील अंतर किती असते, हे आम्ही गेल्या काही वर्षांत शेजारच्या तालुक्यातील धर्मभगिनींकडे जाऊन-येऊन पाहिले आहे. त्या मुली आळशी नाहीत, अडाणी तर मुळीच नाहीत. त्यांपैकी एक साठ माणसांचा भात डोळे मिटून शिजवील. दोघींपुरता भात किती लावावा, हे मात्र तीस कळत नाही, कारण दोघींपुरता तिने कधी लावलेलाच नाही. तिने बाजारात भाव केलेला नाही, कारण भाजी टेंपोने येते. तिच्याजवळ कधी किल्ली नव्हती. कुलूप लावणे ही वॉर्डनबाईंची गोष्ट. ती कधी खोलीत एकटी निजलेली नाही, आणि पहिल्या रात्री तीस शांततेची भीती वाटते. ताप आला तर दवाखान्यात कोणीतरी नेते. स्वतः चिठ्ठी काढून डॉक्टरांपुढे बसून काय होते ते सांगण्याचा प्रसंग आलेला नाही. घंटा वाजली की उठावयाचे, घंटा वाजली की जेवावयाचे; आणि एके दिवशी घंटा वाजावयाची थांबते.

पैशाचे तर विचारूच नये. पहिला पगार हाती आला की आठ दिवसांत तो संपतो, आणि मग आपण म्हणतो, पाहा, या मुलींस पैशाची किंमत नाही. ज्या वस्तूस कधी हात लावू दिला नाही, तिची किंमत कळणार कशी? आपली मुले पाच रुपयांचे चॉकलेट घेऊन फसतात, दहा रुपये हरवितात, आईचा मार खातात आणि शहाणी होतात. हिने पहिली चूक करावयाची ती एकदम दहा हजारांची. त्यातच हाती नवा मोबाइल आलेला असतो. कोणी गोड बोलले की तेच आपले माणूस वाटते. कारण आजवर तिच्याशी खास तिच्यासाठी म्हणून कोणी बोललेले नसते. आम्ही हे मुलींच्या चारित्र्याविषयी बोलत नाही. भुकेविषयी बोलत आहो.

आणि कागद! आधारपत्रिकेवर पत्ता संस्थेचा. तो बदलावयाचा तर नव्या पत्त्याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे भाडेकरार. आणि घरमालक विचारतो, तुझे पालक कोण? रुग्णालयाच्या अर्जावर नातेवाइकाच्या सहीची जागा असते. एका मुलीने ती ओळ कोरी ठेवली म्हणून लिपिकाने अर्ज परत केला. तिने बाहेर येऊन त्या ओळीवर स्वतःचेच नाव लिहिले आणि पुन्हा रांगेत उभी राहिली.

तेव्हा तयारी अठराव्या वर्षी सुरू करून भागत नाही. ती चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरू झाली पाहिजे. कायद्यातही प्रत्येक बालकासाठी स्वतंत्र संगोपन आराखडा करावयाचा असतोच. त्यात या गोष्टी आल्या पाहिजेत. मुलीच्या हाती दरमहा शंभर-दोनशे रुपये द्यावे, ते तीस वाया घालवू द्यावे आणि हिशोब लिहावयास लावावे. दहा वर्षांवरील मुलांस स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच बँकांस दिलेली आहे. आठवड्यातून एकदा चारचौघींनी मिळून आपला स्वयंपाक आपण करावा. सर्व कागद सतराव्या वर्षीच पुरे करून एका पिशवीत तिच्या स्वाधीन करावे. शिवणकाम सर्वांनाच शिकविण्याचा हट्ट सोडावा. शिलाई मशीन देताना छायाचित्र चांगले येते, एवढ्यावरून तो धंदा चांगला ठरत नाही. जी मुलगी हिशोबात हुशार आहे तीस हिशोब शिकवावा, जीस परिचारिका व्हावयाचे आहे तीस त्या शिक्षणास घालावे, आणि ते पुरे होईतो तिची खाट हलवू नये.

हे सर्व भगिनी करू शकतील, आणि काही ठिकाणी त्या करीतही आहेत. परंतु एक गोष्ट कोणतीही संस्था करू शकत नाही, आणि तीच आम्ही आज आपणांकडे मागणार आहो. धंदा, पैसा, कागद, सर्व असूनही मुलगी जेव्हा आजारी पडते, नोकरी सुटते, अथवा नवरा हात उगारतो, तेव्हा जाऊन बसण्यास तिला एक घर लागते. मराठी भाषेत त्या घरास एकच शब्द आहे, आणि तो आपणा सर्वांस ठाऊक आहे.

सासवडनजीक कुंभारवळणच्या सिंधुताई सपकाळ, ज्या २०२२ साली निवर्तल्या, त्यांस मुलांची संख्या विचारली की त्या जावई आणि सुनाही त्यात मोजीत. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथील शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांस स्वतःचे आडनाव दिले. त्यांतील एक अंध मुलगी, जी तान्ही असताना जळगावच्या रेल्वे स्थानकावर कचऱ्यात सापडली होती, ती २०२४ साली लोकसेवा आयोगाची लिपिकाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी बाबांस पद्मश्री मिळाली. ज्या दिव्यांग मुलांस स्वावलंबन शक्यच नाही, त्यांस अठराव्या वर्षी बाहेर काढू नये, असा त्यांचा सरकारकडे वर्षानुवर्षे आग्रह आहे. या दोघांनी केले ते एवढेच की, बाहेर गेलेल्या लेकीस परत येण्याचे दार ठेवले.

आता आपला प्रश्न. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण धर्ममाता व धर्मपिता होतो, बालकास सोन्याची साखळी घालतो, आणि पुढे वाढदिवसही विसरतो. आम्ही असे सुचवितो की, या महोत्सवी वर्षात आपल्या धर्मग्रामातील चार कुटुंबांनी चार मुलींचे धर्ममाता-धर्मपिता व्हावे. या चौघी येत्या दोन वर्षांत अठरा पूर्ण करतील. अठरा होईपर्यंत त्यांस घरी मुक्कामास आणावयाचे तर बालकल्याण समितीची अनुमती घ्यावी लागेल, आणि ती येणाऱ्या कुटुंबाची चौकशी करील. त्यात अपमान मानू नये. अठरानंतर त्या आपले पत्ते आपल्या दारावर लिहितील, आणि रुग्णालयाच्या अर्जावरील त्या कोऱ्या ओळीवर आपली सही असेल.

हा प्रस्ताव काही मंडळींपुढे मांडल्यावर आम्हांस दोन प्रकारची उत्तरे मिळाली, ती येथे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. एका गृहस्थांनी विचारले, मुलगी कोणत्या घराण्यातील, हे कसे कळणार? त्यांस आम्ही उत्तर दिले नाही; त्यांनी ते घरी जाऊन क्रुसापुढे विचारावे. दुसऱ्या एका भगिनीने मोठ्या प्रेमाने सांगितले की, सुनेचे बाळंतपण मार्चात आहे, तेव्हा एखादी मुलगी आली तर बरेच होईल. बाई मनाने वाईट नाहीत. परंतु ज्या घरास मोलकरीण हवी आहे त्याने मोलकरीण ठेवावी आणि पगार द्यावा. आपली लेक माहेरी आली म्हणजे आपण तीस प्रथम काय करावयास सांगतो? झोप म्हणतो. तेच या मुलींस सांगावयाचे आहे.

सभागृहावरील दोन खोल्या गेली सहा वर्षे जुन्या खुर्च्या ठेवण्यास वापरल्या जात आहेत. शिक्षण वा नोकरी सुरू झाली आहे पण खोली मिळालेली नाही, अशा मुलीस त्या एका वर्षापुरत्या देता येतील. आंघोळीची सोय करावी लागेल आणि दारास आतून कडी हवी. महोत्सवी कमानीसाठी जी रक्कम जमली आहे तिचा काही भाग यास लावावा की नाही, हे धर्मग्राम मंडळाने ठरवावयाचे आहे. आमचे मत आम्ही मंडळापुढे सांगितले आहे. ते येथे पुन्हा सांगून दडपण आणू इच्छीत नाही.

आमच्या मागच्या त्या संध्याकाळचे आता काही करता येण्यासारखे नाही. ती मुलगी आज चाळिशी ओलांडून गेली असेल. कधी कोणास भेटली, तर आमचा निरोप सांगावा की, ओसरी तीच नाही, पण आता बसण्यास जागा आहे.

चौघी मुली येत्या २४ डिसेंबरास दुपारच्या गाडीने येणार आहेत. समितीच्या अनुमतीसाठी अर्ज गेलेला आहे. दोघींस मासे आवडतात, एकीस चालत नाहीत, आणि चौथीने आपणांस काय आवडते ते अजून कोणी विचारलेच नव्हते असे सांगितले आहे. ज्या घरी ताट वाढावयाचे असेल त्यांनी येत्या रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर कार्यालयात नावे द्यावी.